काही महिन्यांचा पाहुणा : म्हाताऱ्या कुत्र्यांचा सांभाळ



नोव्हेंबर २०२५ मध्ये, दिवाळीची सुट्टी संपून शाळा नीट सुरू झाली त्या सुमारास, सहावीतल्या एका मुलीने माझ्या टेबलावर वहीचे फाडलेले पान ठेवले आणि काही न बोलता निघून गेली. त्यावर लिहिले होते, "सर, शेरूला कुठे पाठवणार? तो म्हातारा आहे. त्याला नीट दिसत पण नाही."

शेरू कोण हे आपल्या शाळेत कोणाला सांगायला नको. मोठ्या फाटकाजवळ चौकीदाराच्या खोलीच्या पायरीवर तो अकरा-बारा वर्षे बसत आला आहे. नगर निगमाच्या मोहिमेत त्याची नसबंदी झालेली आहे, कानाला त्याची खूण आहे, आणि रेबीजची लस दरवर्षी शाळेच्या खर्चाने दिली जाते. परंतु ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतले भटके कुत्रे तेथून हलवावेत, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावेत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. आदेशामागची काळजी खोटी नाही. लहान मुलाला कुत्रा चावणे म्हणजे काय, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत दोनदा पाहिले आहे. तेव्हा आदेश पाळायचा की नाही असा प्रश्नच नव्हता. प्रश्न त्या मुलीने विचारला तोच होता : बारा वर्षांचा कुत्रा जाणार कुठे?

उत्तर देण्याआधी मला माझ्या घरची एक गोष्ट सांगायला हवी.

जानेवारी २०२३ मध्ये एका पहाटे आमच्या कॉलनीच्या बागेच्या कुंपणाला कोणीतरी एक लॅब्राडोर जातीची कुत्री बांधून गेले. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा, शेजारी स्टीलचे भांडे. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, मागचे पाय थरथरत होते. कोणी बांधली ते कधीच कळले नाही, आणि मी शोधण्याच्या भानगडीत पडलो नाही. (१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावराला उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे, एवढे मात्र सर्वांनी लक्षात ठेवावे.) प्राण्यांची सुटका करणाऱ्या काही तरुण मुलांना बोलावले. त्यांनी तिला तपासले, पाणी पाजले आणि मग त्यांच्यातली एक मुलगी मला म्हणाली, "काका, आमच्याकडे जागा नाही. पिल्लं असली की आठ दिवसांत घरं मिळतात. म्हाताऱ्यांना कोणी नेत नाही, ती तिथेच राहतात. तुम्ही पंधरा दिवस ठेवाल का? फक्त पंधरा दिवस."

याला ती मंडळी 'फॉस्टर करणे' म्हणतात. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, मराठी मी घरात आणि रामबागेतल्या वाड्यात शिकलो, त्यामुळे शब्दांची चूकभूल द्यावी घ्यावी. पण मला वाटते आपल्याकडे यासाठी 'सांभाळ' हा शब्द उत्तम आहे. दत्तक घेणे वेगळे. दत्तक म्हणजे तो कुत्रा कायमचा आपला. सांभाळ म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत, किंवा आजारातून उठेपर्यंत, आपल्या घरात जागा देणे. औषधाचा मोठा खर्च बहुधा सुटका करणारी संस्था किंवा गट उचलतो. जागा, वेळ आणि लक्ष आपण द्यायचे. कधी कधी कुत्रा इतका म्हातारा किंवा आजारी असतो की पुढचे घर मिळणारच नसते. मग तो सांभाळ शेवटपर्यंतचा होतो. यांपैकी काय आहे हे आणण्यापूर्वीच स्पष्ट विचारून घ्यावे.

आमच्या घरी मी, सौ. आणि माझी आई. आईचे तेव्हा वय त्र्याऐंशी. देवघर, सोवळे-ओवळे सगळे व्यवस्थित. मला वाटले आई नाही म्हणेल. आईने भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे पाहिले, त्यातल्या चार कुत्र्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "स्वयंपाकघरात नको. बाकी तुझं तू बघ." कुत्रीचे नाव आम्ही राणी ठेवले. पंधरा दिवसांचे आठ महिने झाले.

आता मुद्द्याचे. म्हातारा कुत्रा म्हणजे नेमके काय?

माणसाची सात वर्षे म्हणजे कुत्र्याचे एक वर्ष, असा हिशेब आपण सगळे करतो. तो बरोबर नाही. कुत्रा पहिल्या एक-दोन वर्षांतच पूर्ण वाढतो आणि नंतर त्याचे वय हळू चालते. शिवाय मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांना सातव्या-आठव्या वर्षापासून वृद्ध धरतात, लहान जातींना दहा-अकरापासून. आपला गावठी कुत्रा काटक. घरात नीट ठेवला तर बारा-पंधरा वर्षे सहज जगतो. रस्त्यावर मात्र त्याला तेवढे आयुष्य क्वचितच मिळते.

डोळे निळसर दिसले की लोक लगेच मोतीबिंदू म्हणतात. पुष्कळदा तो नसतो. वयाने डोळ्यातले भिंग घट्ट होते आणि निळसर झाक येते, तरी कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असते. मोतीबिंदू पांढरट असतो आणि त्यात दृष्टी जाते. दोन्हींतला फरक डॉक्टरच सांगू शकतात. कान जातात तेव्हा लोकांना वाटते कुत्रा हट्टी झाला, हाक मारली तरी येत नाही. सांधे दुखतात, सकाळी उठताना जास्त; थोडे चालल्यावर मोकळे होतात. तोंडाला घाण वास येत असेल तर तो 'कुत्र्याचा वास' नव्हे, दात किडलेले व हिरड्या पिकलेल्या असतात, आणि कुत्रा खात नाही तो भूक नाही म्हणून नव्हे तर दुखते म्हणून. फार पाणी पीत असेल, फार लघवी करत असेल आणि वजन उतरत असेल तर रक्त तपासून मूत्रपिंड व साखर पाहावी लागते. नसबंदी न झालेली म्हातारी कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी सुस्त झाली, खाईनाशी झाली, पाणी जास्त पिऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. गर्भाशयात पू होतो आणि जीव जातो.

एक आजार मात्र माझ्या मनाला फार लागला. राणी रात्री दोनला उठायची, घरभर फिरायची आणि भिंतीच्या कोपऱ्यात तोंड करून उभी राहायची. मागे कसे वळायचे हेच तिला सुचत नसे. डॉक्टर म्हणाले, माणसाला जसा म्हातारपणी विसर पडतो तसा कुत्र्यालाही पडतो. माझे आजोबा शेवटच्या वर्षांत आपल्याच वाड्याचा दरवाजा शोधत फिरायचे ते मला आठवले. यावर साधे उपाय आहेत : सामान हलवू नये, रात्री मंद दिवा ठेवावा, संध्याकाळी थोडे चालवून आणावे, जेवणाच्या वेळा बदलू नयेत. डॉक्टर औषधही देतात. झोप मात्र आपली मोडतेच, हे मी लपवणार नाही.

आता माझी चूक. फेब्रुवारीत राणी पायऱ्यांवर घसरली आणि रात्रभर कण्हत होती. घरात आईची अंगदुखीची गोळी होती. आईला गुण येतो, वजनही फारसे वेगळे नाही, असा विचार करून मी अर्धी गोळी गुळात घालून दिली. सकाळी आणखी अर्धी. तिसऱ्या दिवशी तिने उलटी केली, शौच डांबरासारखे काळे झाले, अन्नावरून तोंड फिरवले. डॉक्टर महूच्या पशुचिकित्सा महाविद्यालयात शिकलेले, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. गोळीचे पाकीट पाहून ते म्हणाले, "सर, तुम्ही शिक्षक आहात ना? एक फोन करायचा होता." मी मान खाली घालून ऐकून घेतले. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंड बिघडते. पॅरासिटामॉलसुद्धा त्यांना मानवत नाही. चार दिवस सलाईन लागले, तेव्हा राणी वाचली. म्हातारा कुत्रा असता असता वाचला असे मी म्हणू शकतो, पण तो वाचला नसता तर तो दोष माझा होता. हे येथे छापण्याचे कारण एवढेच की आपल्या प्रत्येकाच्या घरात त्या गोळ्यांचा डबा आहे. कुत्र्यांसाठी वेदना कमी करणारी वेगळी औषधे असतात आणि ती डॉक्टरच वजन व रक्ताचा अहवाल पाहून देतात.

खाण्याचेही तसेच. आपल्याकडे दूध-पोळीवर कुत्रा पाळायची पद्धत आहे. म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू झपाट्याने झडतात, त्याला प्रथिने लागतात. पुष्कळांना दूध पचतही नाही. राणीला आम्ही मऊ भात, उकडलेला भोपळा आणि दही द्यायचो, आणि अंडे. अंडे घराबाहेर व्हरांड्यात वेगळ्या स्टोव्हवर उकडले जाई, हा आईशी झालेला तह होता. दिवसातून एकदा भरपूर देण्यापेक्षा दोनदा थोडे द्यावे, भांडे एखाद्या पाटावर ठेवावे म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा आजार असेल तर आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा. कांदा-लसूण, द्राक्षे, मनुका-बेदाणे, चॉकलेट आणि बिनसाखरेचे च्युइंगगम ही कुत्र्याला विषासमान आहेत. म्हणजे आपले इंदुरी पोहे कांद्यासकट बाद, आणि बेदाणे घातलेला प्रसादाचा शिराही बाद. मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण डब्यातला घास देण्याची सवय आपल्याच शाळेतली.

घराची तयारी फार नसते. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्स आणि कोटा फरशी म्हाताऱ्या पायांना शत्रूसारख्या. जिथून तो जा-ये करतो तिथे सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे. जाड गोधडी झोपायला, कारण कडक जमिनीवर कोपरांना घट्टे पडून जखमा होतात. नखे वेळेवर कापावीत. चालणे कमी झाले की ती झिजत नाहीत आणि पाय आणखी घसरतो. जिन्याला अडसर. मे महिन्यात दुपारी बाहेर काढू नये. दिवाळीत आतल्या खोलीत, पंखा सुरू ठेवून. रंगपंचमीच्या गेरीच्या दिवशी तर फाटकाबाहेर मुळीच नाही, आणि गंमत म्हणूनही रंग लावू नये.

पहिले दिवस सर्वांत कठीण असतात, आणि इथेच बहुतेक कुटुंबे घाबरून कुत्रा परत करतात. सांभाळ करणाऱ्या मंडळींत एक ठोकताळा चालतो : तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस तो घाबरलेला असतो. खात नाही, कोपऱ्यात बसतो, घरात घाण करतो. तीन आठवड्यांत घरची शिस्त कळते. तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. त्या पहिल्या तीन दिवसांत पाहुणे बोलवू नयेत, आंघोळ घालू नये, फोटो काढू नयेत. एक कोपरा द्यावा आणि त्याला आपणहून येऊ द्यावे. आणण्यापूर्वी रेबीजची व इतर लस, जंताचे औषध, गोचीड आणि गोचिडाच्या तापाची तपासणी झालेली असावी.

विद्यार्थी मित्रहो, हे तुमच्यासाठी. ज्याला ऐकू येत नाही आणि अंग दुखते असा कुत्रा झोपेत दचकला तर चावू शकतो. तो वाईट नसतो, घाबरलेला असतो. म्हणून झोपलेल्या कुत्र्याला मागून हात लावू नका, जेवताना जवळ जाऊ नका, मिठी मारू नका. बसा, हात खाली ठेवा, तो वास घेईल, मग खांद्यावर हात फिरवा. दात किंवा नख लागलेच तर लपवू नका. रागावतील म्हणून मुले लपवतात, आणि तेच घातक असते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, मोठ्यांना सांगायचे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची, कुत्र्याला लस दिलेली असली तरी किती द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. रेबीज झाल्यावर त्यावर इलाज नाही; आधी लस घेतली तर तो टळतो.

राणीला सप्टेंबरात घर मिळाले. बँकेतून निवृत्त झालेले एक जोडपे, मुले परदेशी, घर तळमजल्यावर. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे २००७ पासून 'मटव्हिल' नावाची संस्था फक्त म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी काम करते, आणि ती बासष्टीच्या पुढच्या लोकांना दत्तकाचे शुल्क माफ करते असे मी वाचले होते. तेव्हा ते गमतीचे वाटले. आता वाटत नाही. पिल्लू तरुणांना दमवते. म्हातारा कुत्रा म्हाताऱ्या माणसाच्या चालीने चालतो.

तिला सोडून आलो त्या रात्री सौ. जेवल्या नाहीत. मला सारखे वाटत राहिले की आपण तिला दुसऱ्यांदा सोडून दिले. पुष्कळ पालक हीच शंका काढतात : लळा लावून परत द्यायचे, हा उलट जुलूम नाही का? यावर अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहणी केली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच निवाऱ्यांतल्या दोनशेहून अधिक कुत्र्यांना त्यांनी एक-दोन रात्री घरांत ठेवले आणि लघवीतून ताणाचे संप्रेरक मोजले. घरी असताना ताण कमी झाला, निवाऱ्यात परतल्यावर तो पहिल्याइतका झाला, पण पहिल्यापेक्षा वाढला नाही. म्हणजे विसाव्याचे दिवस हे विसाव्याचेच होते. आणि राणी तर निवाऱ्यात नव्हे, घरी गेली होती. आम्ही महिन्याने भेटायला गेलो. तिने शेपटी हलवली, माझा बूट हुंगला आणि जाऊन आजोबांच्या खुर्चीखाली बसली. खरे सांगतो, थोडे वाईट वाटले. ती तिथे आणखी वर्षभर जगली. शेवटी पोटात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी वेदनारहित इंजेक्शन देऊन तिला घरीच, त्याच खुर्चीजवळ, मोकळे केले. आजोबांनी फोन करून कळवले तेव्हा आई म्हणाली, "चांगलं झालं, बांधलेली मेली नाही."

आमच्या एका विश्वस्तांनी बैठकीत विचारले की अशा गोष्टींचा मुलांच्या मनावर वाईट परिणाम होणार नाही का. प्रश्न रास्त आहे. ज्या घरी आधीच आजारपण आहे, बाळ अगदी लहान आहे, किंवा दोघेही सकाळी जाऊन रात्री येतात, त्यांनी हे करूच नये, आणि त्यात कमीपणाही नाही. भाड्याचे घर असेल तर घरमालकाला आधी विचारावे. घरात दुसरा कुत्रा असेल तर बाहेर, मोकळ्या जागी, दोघांची ओळख करून द्यावी. पण मृत्यू मुलांपासून लपवावा असे मला वाटत नाही. ती मुले आपले आजी-आजोबाही पाहतच आहेत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले होते की ज्यांना भटका कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांनी अर्ज करावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी. शाळेने नगर निगमाला लेखी कळवले आणि आपल्या आठवीतल्या एका विद्यार्थ्याच्या आई-वडिलांनी शेरूला सांभाळासाठी नेले. पहिल्या दिवशी तो त्यांच्या पायरीवरच बसून राहिला, आत यायलाच तयार नव्हता. जन्मभर पायरीवर बसलेला. पाचव्या रात्री पाऊल उंबऱ्याच्या आत पडले. आता त्यांच्या घरी मुलीचे बाळंतपण आहे, पुण्याहून ती येत आहे, आणि शेरूसाठी पुढचे घर हवे आहे. सांभाळासाठी किंवा कायमचे, दोन्ही चालेल. लस, डॉक्टर आणि सांधेदुखीचे औषध यांचा खर्च शिक्षकवर्गाने वर्गणीतून उचलला आहे, तो पुढेही चालू राहील. तळमजला असावा, फाटक लागणारे असावे आणि दिवसा घरात कोणीतरी असावे, एवढीच अट.

ज्या पालकांची इच्छा असेल त्यांनी कोणत्याही शनिवारी शाळा सुटल्यावर मला कार्यालयात भेटावे. आपण दोघे जाऊन त्याला पाहून येऊ. मुलांना पहिल्या भेटीत आणू नये. आणि हाक मारून उपयोग नाही, त्याला ऐकू येत नाही. जमिनीवर पायाने हलकी थाप द्यावी, म्हणजे तो मान वर करतो.